एकतीस शतांशांचा उशीर

मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या मागे पूर्वी लाकडाची वखार होती, तिथे आता नृत्यशाळा होती. सकाळचे साडेसात वाजले होते. सोळा जणांचा वर्ग रंगात आला होता आणि शिकवणारी बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा पीत बसली होती. ती अवाक्षर बोलत नव्हती. बोलायची गरजही नव्हती. सोळाही जणांच्या अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत राखाडी रंगाचे तंग कपडे होते, आणि शिकवण्याचं काम ते कपडेच करत होते.

त्या कपड्याला अंगलेख म्हणत. केसाहून बारीक धाग्यांनी तो विणलेला असे. नर्तकाने तो घालून नाच केला, की कुठला स्नायू कधी किती ताणला, अंगाचं वजन कुठल्या क्षणी टाचेवरून चवड्यावर गेलं, याची तंतोतंत नोंद व्हायची. मग तीच नोंद दुसऱ्याच्या अंगलेखात भरली, की धागे त्याच्या अंगाला त्याच जागी, त्याच क्षणी हलकेच ओढ द्यायचे. आईने पोराचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावं, तसं. जे बसायला तीन वर्षं लागायची ते तीन आठवड्यांत अंगात बसू लागलं. नऊ वर्षांपूर्वी हे प्रकरण पहिल्यांदा आलं तेव्हा गुरुमंडळींनी बराच आरडाओरडा केला होता. मग एकेकाने गुपचूप आपापली नोंद करून घेतली.

उत्तरा मिठारीने आरडाओरडाही केला नव्हता आणि गुपचूपही काही केलं नव्हतं. कोपऱ्यात चहा पीत बसलेली अठ्ठावन्न वर्षांची ही नृत्यरचनाकार नवं काहीही आपल्या अंगावर घालून बघायची. तिचं सगळं आयुष्यच दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसण्यात गेलं होतं. याच गल्लीतल्या कारागिरांकडून तंबोऱ्याचे कोरे भोपळे आणून तिने त्यांच्यात नर्तक बसवले होते. एका मूर्तिकाराच्या ओल्या मातीवर नाचून तिने पावलांच्या ठशांचं प्रदर्शन भरवलं होतं. सोलापूरच्या कोंडा नावाच्या विणकराचा यंत्रमाग ट्रकमध्ये घालून तिने रंगमंचावर आणला आणि त्याच्या खटक्यांवर ‘ताणा’ नावाची रचना केली. कवी, चित्रकार, तांबट, गवंडी, सगळे तिच्याबरोबर काम करून गेले. कुणी एका रचनेपुरते आले, कुणी दोन. सगळ्या चौदा रचनांत तिच्याबरोबर राहिला असा एकच माणूस होता, आणि पत्रिकेत त्याचं नाव सगळ्यांत खाली, प्रकाशयोजनेच्याही खाली यायचं: हलगी, आनंदा आवळे.

आताही वर्गात हलगी वाजत नव्हती. तात्या, म्हणजे आनंदा आवळे, फक्त प्रयोगाला आणि तालमीला येत. अंगलेखाच्या वर्गाला आवाज लागत नसे.

सोळा जण एका वळणावर आले. सोळा उजवे पाय वर उचलले गेले, आणि थांबले. पापणी लवण्याइतकंच ते थांबणं होतं. मग सोळाही पाय एकदम खाली आले. जमिनीने श्वास सोडल्यासारखा आवाज झाला.

हे थांबणं म्हणजेच उत्तरा मिठारी, असं जाणकार म्हणत. दिल्लीच्या एका समीक्षकाने त्यावर ‘पावलाआधीचं मौन’ असा लेख लिहिला होता. दुसऱ्याने त्यात शून्य शोधलं, तिसऱ्याने मृत्यू. उत्तराला त्यातलं फारसं कळलं नव्हतं, पण कौतुक कुणाला नको असतं? तिने ते सगळं मान हलवून स्वीकारलं होतं.

वर्ग सुटला तेव्हा दारात प्रणोती मगदूम उभी होती. अंगलेखांचं जतन करणाऱ्या पुण्याच्या केंद्रातली ही अभियंता मूळची जयसिंगपूरची, तिशीतली, कामाला वाघ. एरवी ती आल्याआल्या चहा मागायची. आज तिने खुर्ची ओढली आणि पिशवीतून कागद काढला.

“ताई, जूनपासून तुमच्या नोंदी शाळांच्या अभ्यासक्रमात जाणार. चाळीस हजार मुलं. म्हणून आम्ही शेवटची तपासणी करत होतो.”

“मग?”

“तुमच्या उजव्या पायात उशीर आहे.”

कागदावर नऊ वर्षांच्या नऊ नोंदी होत्या आणि त्यांतून जाणारी एक रेघ होती. पहिल्या वर्षी पाय ठरल्या जागी, तीन शतांश सेकंद उशिरा पडत होता. ते काहीच नव्हे. पण रेघ चढत गेली होती. सात, अकरा, सोळा. गेल्या महिन्यातल्या नोंदीत एकतीस.

“ते माझं थांबणं आहे गं,” उत्तरा हसून म्हणाली. “लोक त्यावर लेख लिहितात.”

“ठरवून थांबलेलं असतं तर ते दर वर्षी इतकं नेमाने वाढलं नसतं.” प्रणोतीने नजर खाली घातली. “आजार ओळखणारी एक प्रणाली आहे. मी तिच्यात ही रेघ टाकली. तिने कंपवाताची शक्यता सांगितली, ताई. तुम्ही डॉक्टरांना दाखवा.”

उत्तराने हातातला कप खाली ठेवला आणि आपला हात थरथरतो का ते बघितलं. थरथरत नव्हता. पण आता बघितलं होतं म्हणजे यापुढे रोज बघावं लागणार.

“आणि शाळांचं?”

“दोन वाटा आहेत. नोंद आहे तशी द्यायची किंवा शुद्ध करायची. शुद्ध म्हणजे उशीर काढून टाकायचा, बाकी एका स्नायूलाही हात लावायचा नाही. शनिवारपर्यंत तुमची सही हवी. त्यानंतर नोंद कायमची बंद होते.” तिने कागद उत्तराकडे सरकवला. “माझं मत विचाराल तर शुद्ध करा. आहे तशी दिली तर चाळीस हजार मुलं कुणाचं तरी दुखणं सौंदर्य समजून अंगात मुरवतील. उद्या त्यांतल्या कुणाची तपासणी झाली, की प्रणाली त्यांनाही रोगी ठरवेल.”

तिचं म्हणणं रास्त होतं, आणि म्हणूनच ते उत्तराला जास्त लागलं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. आजाराची भीती होतीच, पण त्याखाली दुसरं काहीतरी सलत होतं. तिचं सगळ्यांत नावाजलेलं काम तिने केलेलंच नव्हतं तर. तिच्या मेंदूतल्या कुठल्या तरी पेशी मरत होत्या आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मिरजेत वाद्यं जितकी, तितकीच इस्पितळं. डॉक्टर फरीद जमादार मेंदूचे आणि नसांचे तज्ज्ञ होते आणि तरुणपणी त्यांनी सतार शिकण्याचा प्रयत्न केला होता, असं ते स्वतःच पहिल्या भेटीत सांगत. त्यांनी उत्तराला तीन तास ठेवून घेतलं. बोटं आपटायला लावली, डोळे मिटून चालायला लावलं, नसांत सुया टोचल्या, मेंदूची चित्रं काढली. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “उत्तराताई, तुमच्या नसा माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. तुम्हाला काहीही झालेलं नाही.”

उत्तराला रडूच आलं. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि रडू ओसरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

“पण मग ती रेघ?” तिने विचारलं.

“मीही तेच म्हणतोय. रेघ खरी आहे आणि आजाराचीच आहे. मी अशा रेघा रोज बघतो.” ते कागदावर बोट आपटत राहिले. “नाचताना तुम्ही मोजता का? एक, दोन, तीन, असं?”

“छे! आमच्याकडे मोजायला बंदी आहे.”

ही बंदी तिने पहिल्या दिवसापासून घातली होती. तेवीस वर्षांपूर्वी कवठे महांकाळजवळच्या एका जत्रेत तिने आनंदा आवळेंची हलगी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तेव्हाच दोघांचं ठरलं होतं, कुणी मोजायचं नाही. आधी हलगीवर थाप पडेल, ती अंगात उतरेल, मग पाय पडेल. पाऊल थापेबरोबर नाही, थापेच्या मागून. मोजणारा नर्तक ओठांवरून ओळखू येतो. असा कुणी सापडला की उत्तरा त्याला नाच थांबवून दिवसभर तात्यांच्या शेजारी नुसतं बसवायची. तिच्या नर्तकांच्या संपूर्ण मेळ्याला या गोष्टीचा अभिमान होता. आम्ही मोजत नाही, असं ते परक्या शहरांतल्या नर्तकांना नाक वर करून सांगत.

“म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी मागून जाता,” डॉक्टर म्हणाले. “नोंद करताना तो माणूस खोलीत असतो?”

“नाही. अंगलेखाचे धागे नाजूक असतात, हलगीच्या हादऱ्याने नोंद बिघडते. तिथे चिटपाखरू नसतं.”

“पण तुम्हाला ती ऐकू येते.”

उत्तराला ती ऐकू यायचीच. तेवीस वर्षांनंतर ती ऐकायला हलगी कशाला लागते?

तिने घरी जाऊन जुनी चित्रणं काढली. ‘ताणा’चे नऊ वर्षांतले नऊ प्रयोग. या रचनेत कोंडांचा यंत्रमाग रंगमंचावर चालायचा. त्याला मोटर होती. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या त्याच्या धोट्याचा खटका पहिल्या प्रयोगात जसा पडायचा तसाच शेवटच्या प्रयोगात पडत होता, कारण यंत्र म्हातारं होत नाही. पडद्यावरचे शतांश बघत तिने आयुष्यात पहिल्यांदा मोजायला घेतलं. धोट्याचा खटका, मग हलगीची थाप, मग तिचं पाऊल. थाप आणि पाऊल यांच्यातलं अंतर नऊही वर्षं सारखं होतं. खटका आणि थाप यांच्यातलं अंतर वाढत गेलं होतं. तीन, सात, अकरा, सोळा.

उशीर तिच्या पायाचा नव्हता. तो तात्यांच्या हाताचा होता.

नऊ वर्षं एक माणूस तिच्या डाव्या हाताला दहा पावलांवर बसून हळूहळू आजारी पडत होता. तिच्या पायाला ते कळलं होतं आणि तो मुकाट थांबायला शिकला होता. तिला मात्र पत्ता नव्हता. मोजलं असतं तर पहिल्याच वर्षी कळलं असतं. पण आम्ही मोजत नाही ना! तिला स्वतःच्या त्या तोऱ्याची शिसारी आली.

गुरुवारी सकाळी ती तात्यांच्या गावी गेली. चौसष्ट वर्षांचे आनंदा आवळे अंगणात पत्र्याच्या घमेल्यात जुने कागद पेटवून हलगीचं कातडं शेकत होते. शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही. मोठमोठ्या नाट्यगृहांच्या मागच्या अंगणात या जाळावरून पहारेकऱ्यांशी किती भांडणं झाली होती याला गणती नाही. घरात कुणी विडी ओढत नसताना उत्तराच्या पर्समध्ये कायम काडेपेटी असायची, ती याचसाठी.

“या बाई,” ते उठत म्हणाले. “सांगावा धाडला असता तर मीच आलो असतो की.”

उठायला त्यांना वेळ लागला. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती. उत्तराने आज ते बघितलं. गेली किती वर्षं ती उघडीच होती?

तिने काही आडपडदा न ठेवता सांगितलं. रेघ, डॉक्टर, धोट्याचा खटका, सगळं. तात्या हलगी मांडीवर घेऊन ऐकत होते. ती बोलायची थांबली तेव्हा त्यांनी जाड टिपरू आणि बारीक काडी या वाजवायच्या दोन्ही काठ्या एकमेकांशेजारी नीट ठेवल्या.

“बाई, राग न्हाई ना येनार?”

“मला कसला राग, तात्या?”

“म्हंजी, मला वाटलं तुमीच मागं पडताय.” ते जमिनीकडे बघत बोलत होते. “सात-आठ वर्सं झाली. वाटलं, बाईंचं वय झालं, पाय पयल्यागत पडंना. तुमाला तोंडावर कसं म्हनायचं? मग म्याच थाप जरा मागं घ्यायला लागलो. तुमी आनी मागं ग्येला, की म्या आनी मागं. म्हनलं, लोकास्नी कळाय नको.”

उत्तरा त्यांच्यासमोर खालीच बसली.

“हाताचं म्हनाल तर, बटनं लागत न्हाईत, ह्ये हाय. पर वय झालं की कुनाची लागत्यात?” ते हसले. मग तिच्याकडे बघून त्यांचं हसू मावळलं. “म्हंजी तुमी माझ्यासाठी थांबत हुता, आन् मी तुमच्यासाठी?”

“हो, तात्या.”

“लईच येडी मान्सं आपून,” आनंदा आवळे म्हणाले, आणि घमेल्यातला जाळ विझत आला होता तो उगीचच एका काटकीने ढोसत राहिले.

शुक्रवारी डॉक्टर जमादारांनी तात्यांना तपासलं. कंपवातच होता, किमान आठ-नऊ वर्षांचा. औषधाने बरंच सावरता येईल, पण हात पूर्वीसारखा होणार नाही, हे त्यांनी तात्यांना समजेल अशा भाषेत आणि त्यांचा हात हातात धरून सांगितलं. प्रणोतीही आली होती. तिने तात्यांना एकट्याला चित्रणातल्या यंत्रमागाच्या खटक्यावर वाजवायला लावलं आणि मोजमाप घेतलं.

“एकटे वाजवतात तेव्हा एकोणीस शतांश उशीर येतो,” ती कागद बघत म्हणाली. “ताईंबरोबर एकतीस. म्हणजे एकोणीस आजाराचे. उरलेले बारा आजाराचे नाहीत.” तिचा चेहरा उजळला. “ताई, मी फक्त एकोणीस काढून टाकते. बारा ठेवते. ते खरं तुमचं आहे, दोघांचं.”

उत्तराला क्षणभर ते पटलं. आजार एका बाजूला, माया एका बाजूला, अशी वजाबाकी जमत असेल तर आणखी काय हवं?

पण डॉक्टरांनी मान हलवली. “ताई रिकाम्या खोलीत नाचल्या तरी त्यांच्या पायात हलगी होती. मग हे एकटे वाजवतात तेव्हा यांच्या हातात ताईंचं पाऊल नसेल कशावरून? तुमच्या एकोणिसातही थांबणं मिसळलेलं असणार. ते वेगळं करणारं यंत्र माझ्याकडे नाही, प्रणोतीबाई. तुमच्याकडे आहे?”

प्रणोतीकडे नव्हतं.

“मग तात्यांना विचारू या,” उत्तरा म्हणाली. आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं, की तेवीस वर्षांत कुठल्याही रचनेबद्दल आपण त्यांना काही विचारलेलं नाही. विणकराला विचारलं, मूर्तिकाराशी वाद घातले, कवीच्या पाया पडणं तेवढं बाकी ठेवलं. तात्यांना मात्र तारीख कळवायची, बस.

तात्यांनी विचारच केला नाही. “काडून टाका. समदं काडा. माझं दुकनं लेकरांच्या अंगात कशाला घालताय?”

“तात्या, ते नुसतं दुखणं नाही.”

“दुकनंच हाय. मला बटनं लावता येत न्हाईत, बाई. त्यात काय द्येखनं हाय?” ते पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. “माझ्या नातवाला कुनी असं शिकवलं असतं तर म्या त्येच्या गुरूला धरून इचारलं असतं.”

उत्तराने एवढंच म्हटलं, “उद्या सकाळी वर्गाला या. हलगी घेऊन या. दोन्ही बघा, मग सांगाल ते करू.”

शनिवारी वखारीच्या अंगणात घमेलं पेटलं. सोळाही जण धुराच्या वासाने दारात गोळा झाले. त्यांतल्या निम्म्यांनी हलगी अशी शेकताना कधी बघितलीच नव्हती. त्यांच्या अंगात उत्तराचा नाच भरलेला होता, पण ज्या माणसाच्या मागून तो नाच चालायचा त्याचा चेहरा त्यांना नीटसा ठाऊक नव्हता. तात्या आत येऊन भिंतीपाशी बसले. उत्तराने टेबलावर दोन कागद ठेवले, एक शुद्ध नोंदीचा, एक आहे तशा नोंदीचा. शेजारी पेन ठेवलं.

प्रणोतीने आधी शुद्ध नोंद सोळा अंगलेखांत भरली. अर्धा तास अंगाला तिची सवय होऊ दिली. मग तात्यांनी टिपरू उचललं आणि ‘ताणा’ सुरू झाला.

नाच सुंदर झाला, हे मान्य करायला हवं. उत्तराने स्वतः पस्तिशीत केला असता तसा, स्वच्छ आणि वेगवान. फक्त तिसऱ्या वळणावर सोळा पाय थापेच्या आधी पडले. तात्यांनी हात उचलला होता, तो खाली येईपर्यंत वर्ग पुढे निघून गेला होता. त्यांनी गाठायचा प्रयत्न केला. ओठ घट्ट मिटून, खांदा पुढे काढून ते मागे धावत राहिले. पाचव्या वळणावर काडी त्यांच्या बोटांतून निसटली आणि जमिनीवर पडली. सोळा जण नाचतच राहिले. कपडे त्यांना ओढत होते, त्यांना थांबता येत नव्हतं.

उत्तराने हात वर करून नाच बंद केला. तिला तात्यांकडे बघवत नव्हतं. हे असं व्हावं असा तिचा हेतू नव्हता, असं ती स्वतःला सांगत होती. पण थोडासा हेतू होता, आणि त्याची तिला लाज वाटली.

“बगा,” तात्या काडी उचलत म्हणाले, “चांगलं नाचत्यात पोरं. मी नसलो म्हून काय अडत न्हाई.”

“आता दुसरं बघा,” ती म्हणाली.

प्रणोतीने आहे तशी नोंद भरली. पुन्हा थाप पडली. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्या वळणावर सोळा उजवे पाय उचलले गेले, आणि थांबले. तात्यांचा हात वर गेला, अडखळला, खाली आला. हलगी बोलली. मग सोळा पाय पडले. कुणी मोजलं नव्हतं. कुणी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

पाचव्या वळणावर तात्या वाजवायचे थांबले. मुद्दाम. टिपरू हवेत धरून त्यांनी सोळा जणांना पाय वर घेऊन उभं राहिलेलं बघितलं, मग थाप न देताच हात मांडीवर ठेवला. पाय पडले. पुढच्या वळणावर पुन्हा उचलले, पुन्हा थांबले. त्यांनी पुन्हा थाप दिली नाही. प्रत्येक वेळी ती सोळा पोरं तेवढाच वेळ थांबत होती. त्यांना ओळखत नसताना थांबत होती.

नाच संपला. प्रणोती यंत्राच्या पडद्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं.

“बाई,” तात्या म्हणाले, “ह्यास्नी ठावं हाय, कशापाई थांबत्यात?”

“नाही. मी कधी सांगितलं नाही. मलाही माहीत नव्हतं.”

“माझं दुकनं लागनार न्हाई ना ह्यास्नी? खरं सांगा.”

“डॉक्टर म्हणाले, नाही. आजार लागणार नाही. फक्त थांबायची सवय लागेल.” तिने यंत्राच्या पडद्याकडे बोट केलं. “एखादं यंत्र त्यांना रोगी म्हणेल, तात्या. त्याबद्दलही मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.”

तात्यांनी हलगीच्या कातड्यावरून तळहात फिरवला. ते गार होत चाललं होतं. मग ते टेबलापाशी आले. दोन्ही कागद त्यांनी वाचले, अक्षरावर बोट ठेवून, सावकाश. आहे तशा नोंदीच्या कागदावर रचनाकाराच्या नावासाठी एकच ओळ होती. उत्तराने तिथे आधी आनंदा आवळे लिहिलं, मग त्याच्याशेजारी अंग चोरून आपलं नाव लिहिलं, आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

“तुम्ही म्हणाल तर मी दोन्ही फाडते,” ती म्हणाली. “सही तुमची.”

तात्यांनी त्याच कागदावर पेन टेकवलं. सही व्हायला वेळ लागला. सोळा जण घामाने निथळत उभे होते आणि कुणी हललं नाही. प्रणोतीने कागद घेतला, दुसरा घडी करून पिशवीत टाकला, आणि जाताना वाकून तात्यांच्या पायाला हात लावला.

वर्ग पुन्हा सुरू झाला. या वेळी तात्यांनी हलगी घेतली नाही. उत्तराच्या शेजारी खुर्चीत बसून ते बघत राहिले. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर आपोआप हलत होता. तो आजाराने हलत होता की तालाने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तिसरं वळण आलं. सोळा पाय वर गेले.

“आता म्या हाय, म्हून ठीक,” तात्या हळूच म्हणाले. “जूनपास्नं तिकडं चाळीस हजार लेकरं थांबनार. मी नसंन, तुमी नसाल. तवा ती कुनासाठी थांबतील, बाई?”